कोंबड्यांचे विषाणुरोग : निदानाचा प्रश्न आणि वऱ्हाड

कोंबड्यांच्या एका रोगाला आपल्या खेड्यापाड्यांत पूर्वापार 'मानमोडी' म्हणतात. रोगी कोंबडीची मान वाकडी होते, पिळवटते, ती गोल गोल फिरू लागते, हिरवट पातळ हगते आणि दोन-चार दिवसांत संपते. एका खुराड्यात शिरलेला हा रोग आठवड्याच्या आत सारे गाव धुऊन नेतो. पशुवैद्यक शास्त्रात त्याला राणीखेत असे नाव आहे. मात्र 'मानमोडी' या शब्दाचा दुसराही एक इतिहास आहे. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची जी जागतिक साथ आली, तिलाही महाराष्ट्रात लोकांनी हेच नाव दिले होते. त्या साथीत मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक मृत्यू झालेल्या प्रदेशांपैकी एक होता. कोंबडीचा रोग आणि माणसाचा रोग यांना लोकांनी एकाच शब्दाने ओळखावे, हा योगायोग खरा. परंतु आज तो विचार करावयास लावणारा आहे. कारण कोंबड्यांना होणारा इन्फ्लुएन्झा, ज्याला वर्तमानपत्रांनी 'बर्ड फ्लू' हे नाव रूढ केले, तो आणि जुनी मानमोडी हे दोन रोग आरंभी इतके सारखे दिसतात, की नुसत्या डोळ्यांनी त्यांत फरक करणे अनुभवी पशुवैद्यकालाही अवघड जाते.

आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. रोग कोणता, हे ठरवायचे कसे, ठरविणार कोण आणि ते ठरेपर्यंत गावाने काय करावयाचे?

वऱ्हाडातील कुक्कुटपालनाची दोन रूपे आहेत आणि निदानाच्या दृष्टीने ती अगदी वेगळी आहेत. अमरावती व अकोला या शहरांच्या आसपास हजारो पक्ष्यांची बंदिस्त घरे उभी आहेत. तेथे मांसल पक्षी सुमारे सहा आठवड्यांत तयार होतो. खाद्य, पिले, औषधे यांचा हिशेब रोजच्या रोज ठेवला जातो आणि किती पक्षी मेले याची नोंद असते. कापूस आणि सोयाबीन यांच्या बेभरवशाच्या उत्पन्नाला जोड म्हणून अनेक शेतकऱ्यांनी हा व्यवसाय पत्करला आहे. दुसरे रूप परसातले. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडील कोरकू कुटुंबाच्या दारात पाच-सात कोंबड्या असतात. मीठमिरचीला पैसे हवे असले, की बाजाराच्या दिवशी त्यांपैकी एखादी विकली जाते. ही कोंबडी म्हणजे त्या घराची थैलीच होय. तिच्या मरणाची नोंद कोणी ठेवत नाही. चार कोंबड्या मेल्या तर 'मानमोडी आली' एवढेच म्हटले जाते आणि उरलेल्या घाईघाईने बाजारात नेल्या जातात. रोग पसरविण्याचा याहून खात्रीचा मार्ग दुसरा नाही. पण त्या घराला दोष देऊन भागणार नाही, कारण त्या वेळी त्यांच्यापुढे दुसरा पर्यायही कोणी ठेवलेला नसतो.

राणीखेतीपासून नवापूरपर्यंत

राणीखेत हा रोग १९२६ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसल येथे जवळजवळ एकाच वेळी ओळखला गेला. त्यानंतर लवकरच कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत येथे तो आढळला आणि आपल्या देशात त्या गावाचेच नाव रोगाला चिकटले. जगभर त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. राणीखेतजवळच्याच मुक्तेश्वर येथे पशुवैद्यकीय संशोधनाची जुनी संस्था होती. या रोगाच्या प्रतिबंधासाठी देशात जी लस पिढ्यान् पिढ्या वापरली गेली, तिचा विषाणू मुक्तेश्वरचाच. रोगाचे नाव आणि त्यावरील उतारा दोन्ही एकाच डोंगरातून यावेत, असे क्वचितच घडते.

पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाची नोंद याहूनही जुनी आहे. १८७८ मध्ये इटलीत पेरोनचितो या शास्त्रज्ञाने कोंबड्यांच्या एका भीषण साथीचे वर्णन केले. १९०१ मध्ये, जंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही तिचे कारण पार जाते, म्हणजे ते जंतूहून सूक्ष्म आहे, असे दिसून आले. परंतु हा विषाणू माणसाच्या इन्फ्लुएन्झाच्याच कुळातला आहे, हे कळावयास १९५५ साल उजाडावे लागले. १९९७ मध्ये हाँगकाँग येथे एच५एन१ या विषाणूने अठरा माणसांना बाधा केली व त्यांपैकी सहा दगावली. तेव्हापासून कोंबडीघरातील मृत्यूंकडे पाहण्याची साऱ्या जगाची दृष्टी बदलली.

भारतात हा विषाणू प्रथम सापडला तो महाराष्ट्रातच. २००६ च्या आरंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पक्षी मोठ्या संख्येने मरू लागले. हा प्रकार राणीखेतीचा असावा, असेच आरंभी अनेकांना वाटले. तसे वाटणे अस्वाभाविकही नव्हते. भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी एच५एन१ असल्याचे जाहीर झाले. पुढे लाखो पक्षी नष्ट करावे लागले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील गावांमध्ये परसातल्या कोंबड्यांत हाच रोग आढळला, म्हणजे तो वऱ्हाडच्या पश्चिम वेशीला येऊन भिडला. त्या वेळी माणसांत एकाही रुग्णाची खात्री झाली नाही, ही मोठीच समाधानाची गोष्ट होती. मात्र जेथे रोगाचा मागमूसही नव्हता, त्या जिल्ह्यांतील अंडी व कोंबड्या यांचा बाजारही कोसळला. निदानाला लागलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत अशी दुहेरी असते. रोग असलेल्या ठिकाणी तो पसरत राहतो आणि नसलेल्या ठिकाणी भीती पसरत राहते.

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने पुण्यात नवापूरच्या विषाणूची जनुकीय रचना तपासली. २००५ मध्ये चीनमधील चिंघाय सरोवरावर हजारो रानपक्षी मारणाऱ्या विषाणूच्या कुळाशी तिचे नाते निघाले. इन्फ्लुएन्झाच्या प्रत्येक विषाणूचे नाव देताना तो कोणत्या पक्ष्यात व कोणत्या गावी सापडला ते लिहिण्याची प्रथा असल्याने नवापूर हे नाव आता जगातील विषाणूंच्या नोंदवह्यांत कायमचे जाऊन बसले आहे. असा मान कोणत्याही गावाला नको असतो.

२०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या मेल्या आणि रोग पुन्हा राज्यात आला. त्या हिवाळ्यात देशभर एच५एन१ आणि एच५एन८ हे दोन्ही प्रकार हिंडत होते. विदर्भही त्यातून सुटला नाही. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडले, त्यांच्यातही हाच विषाणू मिळाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात मेलेल्या तीन वाघ व एका बिबट्याच्या नमुन्यांत एच५एन१ निष्पन्न झाला, आणि सातपुड्यातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही तो सापडला. अमरावतीच्या दृष्टीने पाहता, पश्चिमेला जळगाव, दक्षिणेला मराठवाडा, पूर्वेला नागपूर आणि उत्तरेला छिंदवाडा असा हा वेढा आहे. कोणत्या वाटेने काय येईल, हे सांगणे कठीण. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारी बदके व पट्टकादंब अकोल्याजवळच्या कापशी तलावावर, काटेपूर्णाच्या जलाशयावर, अमरावतीजवळ मालखेड, केकतपूरच्या पाण्यावर उतरतात. रानबदके अनेकदा स्वतः फारसे आजारी न पडता विष्ठेतून विषाणू टाकीत राहतात आणि थंड पाण्यात तो बराच काळ टिकतो. तरीही सारा दोष पाहुण्या पक्ष्यांवर टाकणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. कोंबड्यांची ने-आण करणारी वाहने, न धुतलेले पिंजरे, अंड्यांचे तेच तेच ट्रे आणि एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जाणाऱ्या माणसांच्या चपला यांनी रोग अधिक दूर व अधिक लवकर नेला आहे.

मरतुकीचे सोंग

वऱ्हाडात निदानाची अडचण आणखी एका कारणाने वाढते. ते कारण म्हणजे उन्हाळा. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते व त्यावाटे उष्णता बाहेर टाकते. हवा फारच तापली, की तेही पुरे पडत नाही. एका दुपारी एका शेडमध्ये शेकडो पक्षी मरतात आणि गावात बोभाटा होतो. अशा वेळी मृत्यूंची वेळ पाहावी. उष्माघाताने मरणारे पक्षी बहुधा दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान मरतात, त्यांत वजनदार पक्षी आधी जातात, आणि रात्री हवा निवळली की मरतूक थांबते. विषाणूला दुपार-रात्र नसते. आज दहा, उद्या चाळीस, परवा दोनशे असा त्याचा चढता आलेख असतो. शेडच्या दारावर टांगलेला मरतुकीचा साधा तक्ता नीट भरलेला असेल, तर अर्धे निदान तेथेच होते. तो कोरा असेल, तर पशुवैद्यकाला अंदाजावर चालावे लागते.

इतर विषाणुरोगांचीही ओळख असावी. गंबोरो हा रोग तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना होतो. १९६२ मध्ये अमेरिकेतील गंबोरो या गावावरून त्याला नाव मिळाले आणि १९७१ मध्ये तो भारतात नोंदला गेला. या रोगाचा खरा उपद्रव मरतुकीहून निराळा आहे. गुदद्वाराच्या वर असलेली एक लहानशी पिशवी ही पिलाच्या प्रतिकारशक्तीची शाळाच असते. गंबोरोचा विषाणू तीच उद्ध्वस्त करतो. अशा पिलाला पुढे राणीखेतीची लस टोचली तरी ती लागू पडत नाही. 'लस देऊनही मानमोडी आली, लस खोटी' अशी तक्रार पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेहमी ऐकू येते. तिचे उत्तर पुष्कळदा पिलाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दडलेले असते. मारेक रोगात एक पाय पुढे व एक मागे अशी पांगळी अवस्था येते. त्याची लस पिलू अंड्यातून निघताच उबवणी केंद्रातच देतात. देवी या रोगात तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या धरतात. तो डासांमुळेही पसरतो, परंतु त्याने एका रात्रीत शेड रिकामी होत नाही.

बर्ड फ्लूमध्ये डोके व तुरा सुजतो, तुरा व गलोल निळेजांभळे पडतात, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळलेले दिसते. आणि कित्येकदा यांपैकी काहीच न दिसता पक्षी पटापट मरतात. राणीखेतीत मान पिळवटणे, लंगडणे, हिरवी हगवण ही लक्षणे अधिक. पण उग्र राणीखेतीतही डोके सुजते, आणि बर्ड फ्लूतही मान वाकडी होते. शवविच्छेदनात दोन्हींमध्ये गिझार्डच्या अलीकडील जठराच्या भिंतीवर रक्ताचे ठिपके आढळू शकतात. म्हणून संशय आला, तर गावात पक्षी फाडून पाहण्याचा मोह टाळावा. त्यात निदान होत नाही आणि फाडणाऱ्याच्या हाताला, श्वासाला मात्र धोका असतो.

अंड्यातील पुरावा

प्रयोगशाळेत नेमके काय होते, हे गावकऱ्यांना कोणी सांगत नाही; म्हणून 'नमुना पाठविला आहे, अहवाल यावयाचा आहे' या वाक्याचा त्यांना कंटाळा येतो. जिवंत आजारी पक्ष्याच्या घशातून व गुदद्वारातून कापसाच्या काडीने स्राव घेतात आणि तो प्रतिजैविके घातलेल्या द्रवाच्या नळीत ठेवतात. नुकताच मेलेला पक्षी दुहेरी-तिहेरी पिशव्यांत बांधून बर्फात ठेवतात. नमुना थंड राहिला पाहिजे, पण घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तो गोठविता कामा नये. तसे केल्यास आतील विषाणू मरण्याचा संभव असतो आणि मेलेल्या विषाणूची वाढ करता येत नाही. पूर्णा खोऱ्यातील वैशाखात बर्फाची पेटी दोन तास उन्हात राहिली, तर पुढची सारी मेहनत वाया जाते. अहवाल 'निरंक' आला म्हणजे रोग नव्हता, असा अर्थ मग काढता येत नाही.

विषाणूला वाढावयास जिवंत पेशी लागते, आणि यासाठी कोंबडीचेच अंडे उपयोगी पडावे, ही निसर्गाची मोठी गंमत आहे. १९३१ मध्ये अमेरिकेत गुडपाश्चर व वुडरफ यांनी कोंबडीच्या देवीचा विषाणू उबवत ठेवलेल्या अंड्यात वाढवून दाखविला आणि तेव्हापासून अंडे ही विषाणुशास्त्राची सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा ठरली. नऊ ते अकरा दिवस उबविलेल्या, रोगमुक्त कळपातील अंड्याला बारीक छिद्र पाडून गर्भाभोवतीच्या द्रवाच्या पिशवीत नमुना टोचतात, छिद्र मेणाने बंद करतात आणि अंडे पुन्हा उबदार पेटीत ठेवतात. दोन ते पाच दिवसांत विषाणू असल्यास तो त्या द्रवात भरपूर वाढतो.

पुढची परीक्षा पाहण्यासारखी असते. खोलगट खाचा असलेल्या पारदर्शक तबकडीत तो द्रव घेऊन त्यात कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी घालतात. विषाणू नसेल, तर पेशी तळाशी जमून लाल टिकलीसारखा ठिपका होतो. तबकडी तिरपी केली, की तो अश्रूसारखा ओघळतो. विषाणू असेल, तर तो पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतो आणि तळाशी पातळ चादर पसरल्यासारखी दिसते. १९४१ मध्ये हर्स्ट या शास्त्रज्ञाने हा गुणधर्म वर्णन केला. परंतु मघाचे संकट येथेही पाठ सोडत नाही. राणीखेतीचा विषाणूही रक्तपेशींची अशीच चादर विणतो. बाहेर जुळ्यांसारखे दिसणारे हे रोग तबकडीतही जुळेच राहतात. मग प्रत्येक विषाणूची ओळखीची प्रतिद्रव्ये क्रमाने घालून पाहतात. ज्या प्रतिद्रव्याने चादर विणणे थांबते आणि पुन्हा टिकली उमटते, त्याच जातीचा तो विषाणू. इन्फ्लुएन्झाच्या आवरणावरील 'एच' या प्रथिनाचे पक्ष्यांत सोळा व 'एन' प्रथिनाचे नऊ प्रकार दीर्घकाळ ओळखीचे आहेत. एच५एन१ हे नाव त्यांवरून पडते.

अंड्याच्या मार्गाला वेळ लागतो. म्हणून आता पीसीआर ही पद्धत आघाडीवर आहे. तीत विषाणूच्या जनुकाचा ठराविक तुकडा अनेकपट वाढवून काही तासांत त्याचे अस्तित्व दाखविता येते. प्रथम इन्फ्लुएन्झा 'ए' आहे किंवा नाही, आणि असल्यास तो एच५, एच७ की एच९, अशा क्रमाने प्रश्न विचारले जातात. पुढचा प्रश्न उग्रतेचा. 'एच' प्रथिन एका ठराविक जागी कापले गेल्याखेरीज विषाणूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य विषाणूचे हे प्रथिन कापणारी विकरे मुख्यतः श्वासमार्गात व आतड्यात असतात, म्हणून तो तेवढ्यातच राहतो. उग्र विषाणूत मात्र त्या जागेची रचना अशी बदललेली असते, की शरीराच्या कोणत्याही अवयवातील विकर तिला कापू शकते. मग मेंदू, हृदय, यकृत काहीच सुटत नाही. पूर्वी ही उग्रता ठरविण्यासाठी सहा आठवड्यांच्या पक्ष्यांना विषाणू टोचून दहा दिवस पाहावे लागे. आता जनुकाची अक्षरे वाचूनही ती कळते.

हे सारे कोठे होते? अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था ही वऱ्हाडची स्वतःची विद्यासंस्था आहे. २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी ती संलग्न आहे. रोगी पक्ष्यांचे शवविच्छेदन, जंतूंची तपासणी, लशीनंतर कळपात प्रतिद्रव्ये किती तयार झाली याचे मापन, अशी नित्याची कामे अशा संस्थेत होऊ शकतात आणि अमरावती-अकोल्याच्या कुक्कुटपालकांनी त्यांचा आजच्यापेक्षा अधिक लाभ घ्यावयास हवा. परंतु एच५एन१ चा संशय असलेला नमुना तेथे उघडावयाचा नसतो. त्यासाठी पुण्यात औंध येथे रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे आणि अंतिम शब्द भोपाळचा असतो. तेथील जुनी प्रयोगशाळा २०१४ पासून राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था या नावाने काम करते आणि पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झासाठी ती आंतरराष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळाही आहे. तेथील हवा आत येते ती बाहेर जाताना गाळली जाते, सांडपाणी उकळून निर्जंतुक केले जाते, माणूस स्नान केल्याखेरीज बाहेर पडत नाही. अशी सोय प्रत्येक जिल्ह्यात करणे शक्य नाही व शहाणपणाचेही नाही. नकाशा पाहिला, तर अमरावतीहून पुण्यापेक्षा भोपाळ जवळ आहे. सातपुडा ओलांडला, की झाले. साथीच्या वेळी नमुन्याचा प्रवास आखताना ही साधी बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

लस : प्रतिबंध आणि निदानही

येथे एक मुद्दा विस्ताराने मांडणे अवश्य आहे, कारण तो बहुधा दुर्लक्षित राहतो. परसातल्या कोंबड्या दरवर्षी मानमोडीने मरत असतील, तर बर्ड फ्लू आला तरी तो कोणाच्या लक्षात येणार नाही. मरतुकीची सवय झालेल्या गावाला मरतूक ही वार्ताच वाटत नाही. उलट ज्या गावात राणीखेतीची लस नियमित दिली जाते, तेथे एकाएकी वीस कोंबड्या मेल्या, तर ती गोष्ट उघडच वेगळी ठरते आणि त्याच दिवशी चौकशी होते. म्हणजे राणीखेतीची लस हे बर्ड फ्लूच्या निदानाचेही पहिले साधन होय.

मग लस दिली का जात नाही? अनास्थेमुळे, असे उत्तर तयार असते; ते अपुरे आहे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची येते. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळविली, की एक-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्या असलेल्या घराने शंभर मात्रांची कुपी कशाला विकत घ्यावी? आणि दिवसा कोंबड्या रानात चरावयास गेल्यावर लस टोचणाऱ्याने त्या कोठे शोधाव्यात? यावर उपाय गावपातळीवरच निघतो. ग्रामपंचायतीने अथवा महिला बचत गटाने आधी घरोघरची मोजणी करून एक पहाट ठरवावी. उजाडण्यापूर्वी, खुराडी उघडण्याच्या आत, एक कुपी साऱ्या वाडीत फिरवावी. लहान पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांच्या पक्ष्यांना टोचून देण्याची लस, असा क्रम पशुवैद्यक ठरवून देतो. उष्णता सहन करणाऱ्या लशीही जगात तयार झाल्या आहेत व उष्ण देशांतील खेड्यांत त्या वापरल्या गेल्या आहेत. मेळघाटासारख्या भागासाठी त्यांचा विचार होणे अगत्याचे आहे.

बर्ड फ्लूच्या उग्र प्रकारासाठी मात्र आपल्या देशाने लसीकरणाचा मार्ग न धरता बाधित पक्षी नष्ट करण्याचे धोरण ठेवले. त्यामागे निदानाचाही विचार आहे. लस न दिलेल्या कोंबडीच्या रक्तात एच५ ची प्रतिद्रव्ये मिळाली, तर तिचा त्या विषाणूशी संबंध आला होता, एवढाच त्याचा अर्थ होतो. लस दिलेल्या कळपात हा पुरावा पुसट होतो. अंडी घटविणाऱ्या एच९एन२ या सौम्य प्रकारावर भोपाळच्या संस्थेने अलीकडे देशी लस तयार केली आहे. ती वापरलेल्या कळपात एच९ बाबत हीच काळजी घ्यावी लागेल.

खबर कोणी द्यावयाची

२००९ च्या प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने अनुसूचित रोगाचा संशय येताच खबर देण्याचे कर्तव्य पशुपक्ष्यांच्या मालकावर टाकले आहे. ही खबर ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला द्यावयाची व तेथून ती नजीकच्या पशुवैद्यकाकडे जावयाची. उग्र बर्ड फ्लू आणि राणीखेत हे दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. म्हणजे 'मानमोडीच आहे, कळवायचे कशाला' हे म्हणणे कायद्यातही बसत नाही. खबर मिळाल्यावर रोग कोणता, हा वाद पंचायतीने घालावयाचा नसतो. त्या शेडमधील ने-आण थांबविणे, मेलेले पक्षी नाल्यात अथवा उकिरड्यावर न जाऊ देता दोन मीटर खोल खड्ड्यात चुन्यासह पुरणे, आणि कुत्री-मांजरे दूर ठेवणे, एवढे त्या दिवशीचे काम. छिंदवाड्याच्या मांजरांनंतर या शेवटच्या सूचनेला वेगळे वजन आले आहे. कावळे वा बगळे एकाच ठिकाणी मेलेले प्रथम पाहतात ती शाळेत जाणारी मुले. त्यांना हात न लावता गुरुजींना सांगावे, एवढे शाळेने शिकविले तरी पुष्कळ.

रोगाची खात्री झाली, की बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतात. या एक किलोमीटरमध्ये दहा हजारांची शेड येते, तशी विधवा बाईच्या चार कोंबड्यांची डालही येते. शासनाच्या आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते व तिचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. मात्र आधीच मरून गेलेल्या पक्ष्यांची भरपाई नाही. या नियमावर टीका होते, परंतु त्यात एक व्यवहार आहे. लवकर कळविणाऱ्याचे पक्षी जिवंत मोजले जातात, लपविणाऱ्याचे खड्ड्यात जातात. खेदाची बाब ही, की हा हिशेब साथ येण्यापूर्वी कोणी समजावून सांगत नाही. साथीच्या धांदलीत सांगितलेला नियम शिक्षेसारखा वाटतो.

कराराने पक्षी पाळणाऱ्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. पिले व खाद्य कंपनीचे, शेड व राबणूक शेतकऱ्याची, आणि मोबदला वाढलेल्या वजनावर. अशा ठिकाणी पक्षी नष्ट झाले, तर भरपाई पक्ष्यांची असते. पाळणाऱ्याच्या पाच आठवड्यांच्या कष्टाचे आणि पुढे निर्जंतुकीकरण होऊन परवानगी मिळेपर्यंत रिकाम्या राहणाऱ्या शेडचे काय, हे करारातच लिहिलेले असावयास हवे. शेडसाठी बँकेचे कर्ज काढलेल्या तरुणाला मरतूक कळविण्याचे धैर्य येईल किंवा नाही, हे पुष्कळदा त्या कागदातील एका कलमावर अवलंबून असते. सहकार व पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी असे करार एकदा एकत्र बसून वाचण्यासारखे आहेत.

राहिला प्रश्न खाण्याचा. सत्तर अंश उष्णतेला हा विषाणू मरतो. आपल्याकडील रस्सा त्याहून कितीतरी अधिक तापमानाला शिजतो. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात, सोलण्यात आणि विष्ठेच्या धुळीत. २०२१ मध्ये दिल्लीत उपचार घेत असलेला हरियाणातील एक अकरा वर्षांचा मुलगा एच५एन१ ने दगावला. देशात माणसाच्या अशा मृत्यूची ती पहिली नोंद होय. माणसांत हा रोग क्वचित होतो, पण झाला तर उग्र होतो. म्हणून शेडवर काम करणाऱ्या मजुराला ताप व खोकला आला, तर त्याने डॉक्टरला आपल्या कामाचे ठिकाण सांगितले पाहिजे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरने ते विचारले पाहिजे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना पसरतो, अशी निराधार आवई उठली आणि महाराष्ट्रात मांसल पक्ष्यांचा भाव उत्पादन खर्चाच्याही खाली गेला. त्या आवईमागे कोंबड्यांतील रोग नव्हता, मरतूक नव्हती, प्रयोगशाळेत जावयाचा नमुनाही नव्हता. अशा अफवेच्या दिवशी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याने बाजारात जाऊन, व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्यासमोर तपासणीचा अहवाल वाचून दाखविणे हेही निदानाच्याच कामात मोडते.